आली का पाव्हणी?

आश्विन लागला की आमच्या घरात रोज रात्री एक प्रश्न विचारला जायचा आणि त्याचे उत्तर फक्त आजीकडे असायचे. जेवणे उरकल्यावर वडील हात धुता धुता विचारायचे, "आई, आली का पाव्हणी?" आजी ओट्यावर घोंगडी टाकून पडलेली असायची. ती लगेच बोलायची नाही. कान देऊन थोडा वेळ पडून राहायची आणि मग म्हणायची, "न्हाई अजून." असे पाच-सहा दिवस चालायचे. मग एखाद्या रात्री, सगळे गाव निजल्यावर, ती मला हलवून उठवायची. "आरं ऊठ. आली बघ." मी डोळे चोळत वर पाहायचो. वर नुसत्या चांदण्या. पण नीट ऐकले की अंधारातून पंखांचा सू-सू असा आवाज जायचा, मध्येच एखादी बारीक हाक यायची आणि सगळे संगमाच्या दिशेने निघून जायचे. "लई लांबून आलीत. दमली असतील," असे म्हणून आजी कूस बदलायची आणि झोपी जायची.

आजीला डोळ्यांनी दिसत नाही. काचबिंदू होता. दवाखाना वेळेवर झाला नाही आणि गेलेली नजर परत आली नाही. पण त्या पाहुण्यांची पहिली खबर आमच्या आळीत तीच देई. शेजारच्या बायका सकाळी विचारत, "काय म्हणती म्हातारी? थंडी पडंल का आता?"

आमचे गाव निफाड तालुक्यात नांदूर मध्यमेश्वरच्या फुगवट्याला लागून आहे. गोदावरी आणि कादवा या नद्यांचा येथे संगम होतो. इंग्रजी अमदानीत संगमाजवळ दगडी बंधारा बांधून कालवे काढले. बंधाऱ्यामागे वर्षानुवर्षे गाळ साचत गेला. धरणात गाळ साचला की पाणी कमी मावते, म्हणून माणसे हळहळतात. पण त्याच गाळाने येथे उथळ पाणी झाले, बेटे झाली, पाणकणसे माजली आणि पाखरांना हवे तसे घर मिळाले. १९८६ साली हे अभयारण्य झाले. २०२० साली याला रामसर स्थळाचा मान मिळाल्याचे जाहीर झाले. असा मान मिळवणारी ही महाराष्ट्रातली पहिली पाणथळ. अडीचशेहून अधिक जातींचे पक्षी येथे नोंदले गेले आहेत आणि लोक याला महाराष्ट्राचे भरतपूर म्हणतात. ही सगळी माहिती मला कॉलेजात आल्यावर मिळाली. तोवर आमच्या लेखी ते नुसते 'पाणी' होते. "कुठं गेला होता?" "पाण्यावर." एवढेच.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. वडील द्राक्षबागांत छाटणीच्या टोळीबरोबर जातात. पहिल्या वर्षी एस.टी.चा पास काढून मी कॉलेजात आलो तेव्हा वर्गात बोलायची भीती वाटायची. माझी भाषा ऐकून कोणी हसेल असे वाटे. मोकळ्या तासाला मी ग्रंथालयात जाऊन बसत असे. तेथे एक दिवस मारुती चितमपल्ली यांचा 'पक्षीकोश' हाती लागला. उघडून पाहतो तो आमच्या पाण्यावरची सगळी मंडळी तेथे हजर! अंगाने काळा आणि कपाळावर पांढरा टिळा लावून थव्याने फिरणारा तो वारकरी. थापटण्यासारखी चपटी चोच असलेला थापट्या. पाण्याच्या कडेने शेपटी वरखाली करीत चालणारा धोबी. तुतवार, टिटवी, सुगरण, भोरडी. लहानपणापासून आजीच्या तोंडून ऐकलेली नावे ग्रंथात छापलेली पाहून मला काय वाटले ते सांगता येणार नाही. आपल्यालाही काही येते, असे त्या दिवशी पहिल्यांदा वाटले. कॉलेजातील एका सरांनी आपली जुनी दुर्बीण मला वापरायला दिली. आपल्या राज्यात २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळला जातो, हेही त्यांनीच सांगितले. ५ नोव्हेंबर हा चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ नोव्हेंबर हा सालिम अलींचा. चितमपल्ली २०२५ साली गेले. मला त्यांना पत्र लिहायचे होते, ते राहून गेले.

पाखरे पाहायला शरद ऋतूसारखा ऋतू नाही. पावसाळ्यात नदी गढूळ आणि फुगलेली असते. आश्विनात पाणी निवळते आणि हळूहळू उतरू लागते. उतरणारे पाणी कडेला ओली माती उघडी टाकते आणि त्या चिखलात किडे-अळ्या शोधायला तुतवारे येतात. धोबी तर भाद्रपदातच दिसू लागतो. मागोमाग बदके येतात, आधी भुवईवर पांढरी पट्टी असलेली, मग तलवार बदके, मग थापट्या. यांतली कितीतरी पाखरे हिमालयापलीकडून, पार सायबेरियापासून येतात. काळ्या पट्ट्यांच्या डोक्याचे पट्टकदंब हंस जरा उशिरा, थंडी पडल्यावर येतात. हिमालय ओलांडताना ते सात हजार मीटरहून अधिक उंचीवर उडाल्याची नोंद शास्त्रज्ञांनी केली आहे. हवा धुतलेली असते, सकाळचे ऊन तिरपे आणि सोनेरी पडते. फोटो काढणाऱ्यांना आणखी काय हवे?

हे फोटो काढणारे पाहुणे सुट्टीच्या दिवशी मोठ्या संख्येने येतात. पहिल्या वर्षापासूनच मी रविवारी त्यांना पक्षी दाखवायला जाऊ लागलो. त्यात कॉलेजचा खर्च थोडा निघतो. पाहुण्यांचे मला दोन प्रकार दिसले. एक निवृत्त शिक्षक येत. दिवस उजाडायच्या आत ते कडेला बसायचे, अंगावर मातकट चादर घ्यायचे आणि दोन-दोन तास हलायचे नाहीत. मला म्हणायचे, "ऊन पाठीवर घे. पाखराच्या डोळ्याच्या उंचीवर ये, उभ्याने फोटो काढू नकोस. आणि वाट पाहा. आपण दगड झालो की पाखरू आपणहून जवळ येते." तुतवार खरोखरच त्यांच्यापासून चार हातांवर येऊन चिखल उकरत बसलेला मी पाहिला आहे. दुसरा प्रकार घाईचा. त्यांना दहाच्या आत सगळे उरकून परत जायचे असते.

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत असेच एक घाईचे पाहुणे मला मिळाले. हाताएवढ्या लांब भिंगाचा कॅमेरा, बरोबर दोन मित्र. समोर उथळ पाण्यात बदकांचा मोठा थवा विसावला होता. बरीचशी मान पाठीवर टाकून झोपली होती. त्यांनी बसलेल्या थव्याचे पाच-पन्नास फोटो काढले आणि मग मला म्हणाले, "यात काही मजा नाही. उडतानाचा पाहिजे. उठव ना जरा. वर दोनशे देतो."

मला एक क्षण नको वाटले हे खरे. पण परीक्षेचा फॉर्म भरायचा होता आणि घरात पैशाची ओढ होती. मी पुढे गेलो, जोराने टाळ्या वाजवल्या आणि एक ढेकूळ उचलून पाण्यात फेकले. सगळा थवा एकदम उठला. शेकडो पंखांनी पाणी फोडल्याचा तो आवाज, उन्हात चमकणारे थेंब, वर गेलेली ती पाखरांची चादर! माझ्यामागे कॅमेऱ्यांची कटकट चालू होती. पाहुणे खूश झाले. त्यांनी मला पडद्यावर फोटो दाखवला. फोटो सुंदर होता, हे मी नाकारत नाही. दोनशे रुपये खिशात घालून मी घरी आलो.

आजी ओट्यावर लसूण सोलत बसली होती. मी चप्पल काढतो न काढतो तोच तिने विचारले, "सकाळच्या पारी पाखरं कशानं उठली रं?"

आमचे घर पाण्यापासून फार लांब नाही. पण एवढे तिला ऐकू गेले असेल असे मला वाटले नव्हते. मी म्हणालो, "भोवत्या आला होता." भोवत्या हा पाण्यावरून खालून खालून फिरणारा शिकारी पक्षी. तो आला की बदके उठतात.

आजी थोडा वेळ लसूण सोलत राहिली. मग म्हणाली, "भोवत्या आला तर पाखरं घिरटी घालून तिथंच बसत्यात. ही बसली न्हाईत. लांब गेली. माणूस व्हता."

मी खाली मान घालून सगळे सांगितले. दोनशे रुपयांचेही सांगितले. वाटले, ओरडेल. ती ओरडली नाही. तिने आपलीच गोष्ट सांगायला सुरुवात केली. लग्न होऊन आली तेव्हा बाजरीच्या दिवसांत राखणीला ती माळ्यावर उभी राहायची. हातात गोफण, शेजारी खड्यांचा ढीग. भोरड्यांचा थवा आला की हाऽऽ हाऽऽ करून गोफण फिरवायची. दिवसभर हात भरून यायचे. "आम्ही बी पाखरं हाकलली," ती म्हणाली, "पर आमचं कणीस व्हतं. ते गेलं असतं तर लेकरं उपाशी ऱ्हायली असती. तुझं तिथं काय व्हतं रं?"

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. आजही नाही.

नंतर मी वाचून काढले. लांबचा प्रवास करताना पाखरू आपल्या अंगातली चरबी जाळत येते. पोहोचते तेव्हा ते रोडावलेले असते आणि त्याला दोनच कामे असतात, खाणे आणि विसावणे. आपण त्याला विनाकारण उठवले की साठवलेले जळते आणि खाण्याचा वेळ बुडतो. दिवसातून एकदाच नव्हे, येणारा प्रत्येक पाहुणा जर उठवू लागला तर त्या पाखराने काय करावे? १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदाही प्राण्यांना असे छळू देत नाही. पण कायदा मला नंतर कळला. आजीचे कणीस आधी कळले.

त्यानंतर मी पाखरे उठवणे बंद केले. पुढच्याच रविवारी एका पाहुण्यांना नकार दिला. ते दुसऱ्या मुलाला घेऊन पुढे गेले. आणखी एकांना पाणकणसात लपलेल्या वटवट्याचा फोटो हवा होता. त्यांच्या मोबाइलमध्ये त्या पक्ष्याचा आवाज होता. तो लावला की आपल्या हद्दीत दुसरा नर आला असे समजून पाखरू चवताळून बाहेर येते. मी म्हणालो, "नको, वाट पाहू." त्यांना वाट पाहायची नव्हती. वरकमाई थांबली. वडिलांनी विचारले, "मग फॉर्मचं काय?" मी म्हणालो, "येतो तुमच्यासंगं." गोडी छाटणीचे दिवस होते. दोन रविवार मी त्यांच्या टोळीत गेलो आणि छाटलेल्या काड्यांना पेस्ट लावायचे काम केले. फॉर्म भरला गेला. वडील त्यावर काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या रविवारी बांधावर भाकरी खाताना त्यांनी मला विचारले, "तो पिवळा नाचतोय तो कोण रं?" मी म्हणालो, "पिवळा धोबी. लई लांबून येतो." ते म्हणाले, "एवढासा?" आणि बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिले.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. आजीला फोटो दाखवून उपयोग नव्हता. एकदा मी तिच्यासमोर दिवसभरात काढलेल्या फोटोंचे वर्णन करीत होतो तेव्हा ती म्हणाली, "तुझ्या डब्यात पाखरांचं बोलणं येत न्हाई का?" मोबाइलला ती डबा म्हणते. तेव्हापासून मी आवाज धरायला लागलो.

फोटोपेक्षा आवाज धरणे अवघड आहे. फोटोत मागचा वीजपंप कडेला टाकता येतो, आवाजात टाकता येत नाही. पहाटे वारा पडलेला असतो म्हणून पहाटे जावे, तर कोजागरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत गावागावांत काकड आरतीचे कर्णे चालू असतात. आरती संपली की ट्रॅक्टर सुरू होतात. मधला अर्धा तास आपला. वाऱ्याची घरघर येऊ नये म्हणून मी मोबाइलच्या तोंडाला जुन्या लोकरी टोपीचा तुकडा बांधतो. मग तो काठावर ठेवून गप्प बसायचे. खोकायचे नाही, पाय हलवायचा नाही. शेवटी हळू आवाजात तारीख, वेळ आणि जागा सांगून बंद करायचे, म्हणजे नोंद पक्की होते. आणि यात पाखराला कोणीच उठवू शकत नाही. त्याला उठवले की आवाज बिघडला, आपलेच नुकसान.

पक्ष्याच्या आवाजाचे जगातले पहिले ज्ञात ध्वनिमुद्रण १८८९ साली जर्मनीत झाले. लुडविग कॉख नावाच्या आठ वर्षांच्या मुलाने एडिसनच्या यंत्रावर, मेणाच्या नळकांडीवर ते केले. तो पक्षी होता शामा, आपल्या हिंदुस्थानातल्या रानांत गाणारा. पण तो पिंजऱ्यातला होता. हे वाचले तेव्हा मला आनंद झाला आणि थोडे वाईटही वाटले. सव्वाशेहून अधिक वर्षांनी माझ्यासारख्या मुलाला पिंजऱ्यावाचून तेच करता येते, ही केवढी मोठी सोय!

सरांनी माझ्या मोबाइलमध्ये 'मर्लिन' नावाचे साधन घालून दिले. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिशास्त्र प्रयोगशाळेने ते केले आहे. आवाज ऐकून ते पक्ष्याचे नाव सांगते. एका पहाटेचे मुद्रण त्याला ऐकवले. त्याने वारकरी सांगितला, जांभळी पाणकोंबडी सांगितली, टिटवी सांगितली. तेच मी आजीला ऐकवले. तिने तिन्ही ओळखली आणि म्हणाली, "अन् मागं ते म्हातारं खोकतंय, ते कोण?" मला वाटले, कोणी माणूस आला असेल. पुन्हा कान लावून ऐकले. पाणकोंबड्यांच्या गलक्यामागे खरेच एक घोगरी खाकर होती, राखी बगळ्याची. यंत्राने ती पकडली नव्हती, मीही नाही. आजी हसली. त्या दिवसापासून मी प्रत्येक मुद्रण आधी तिला ऐकवतो आणि ती सांगते ते वहीत लिहून ठेवतो. वहीला दोन रकाने आहेत. एकात ग्रंथातले नाव, दुसऱ्यात आजीचे म्हणणे. "पाऊस गेल्याची," "भांडखोर सवत," "रातची चुकलेली," अशी तिची नावे आहेत. काहींची ग्रंथातली नावे अजून सापडायची आहेत.

यंदाच्या पावसाळ्यापासून मात्र एक नवीनच गोष्ट लक्षात येऊ लागली. मी धोब्याचा आवाज लावला तर आजी म्हणायची, "लावलास का?" आवाज तर चालू असायचा. टिटवी ऐकू यायची, वारकरी ऐकू यायचा, पण धोब्याची बारीक 'चि-झिप' तिच्यापर्यंत पोहोचत नव्हती. म्हातारपणी कान जाऊ लागले की बारीक, उंच आवाज आधी जातात असे डॉक्टरांनी सांगितले. म्हणजे तिच्या जगातून एकेक पाखरू उडून जात आहे, आणि ते उठवणारे कोणी नाही.

आश्विन लागला. वडिलांनी रात्री हात धुता धुता नेहमीचा प्रश्न विचारला नाही. त्यांनाही कळले असावे. पाच-सहा दिवस गेले. एका रात्री मी ओट्यावर अभ्यास करीत बसलो होतो. वीज गेली म्हणून पुस्तक मिटले आणि तेवढ्यात वरून तो आवाज गेला. पंखांचा सू-सू, एक बारीक हाक, मग दुसरी. थवा मोठा होता. मी आजीकडे पाहिले. ती जागी होती, डोळे उघडे होते, पण चेहऱ्यावर काही उमटले नाही. थवा संगमाकडे निघून गेला.

थोड्या वेळाने तिनेच विचारले, "का रं, आली का पाव्हणी?"

मी तिच्या कानाशी वाकलो आणि मोठ्याने म्हणालो, "आली, आजी. आत्ताच गेली वरून."

पाखरांच्या बाबतीत मी तिच्याशी एकदा खोटे बोललो होतो. तिने ते ऐकून ओळखले होते. या वेळी ओळखायला तिच्याजवळ कान नव्हते, फक्त माझा शब्द होता. तिने तो घेतला. "लई लांबून आलीत. दमली असतील," ती म्हणाली आणि कूस बदलून झोपी गेली.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी टोपीचा तुकडा खिशात घातला आणि पाण्यावर गेलो.

(द्वितीय वर्ष कला)